मेल फिल्टर आणि अँटिव्हायरस : एका सर्व्हरवर नांदताना

1 जानेवारी 2022, शनिवार. नवे वर्ष उजाडून काही तास होत नाहीत तोच जगभरातल्या कित्येक कंपन्यांची मेल अडली. सर्व्हर चालू होते, लाइन चालू होती, डिस्कवर जागा होती. पण मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या 2016 आणि 2019 या आवृत्त्यांवर आलेली मेल आत येई आणि रांगेत बसून राही. सुट्टीच्या दिवशी धावत आलेल्या ॲडमिन मंडळींना इव्हेंट लॉगमध्ये एक विचित्र तक्रार दिसली: 2201010001 या आकड्याचे रूपांतर करता येत नाही. एक्स्चेंजबरोबर येणारे मालवेअर तपासणीचे इंजिन आपल्या प्रत्येक अपडेटला तारखेवरून क्रमांक देत असे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी चार आकडे. हा क्रमांक ज्या खान्यात ठेवायचा तो खाना 32 बिटांचा, आणि त्यात 2147483647 च्या पुढचा आकडा मावत नाही. 2021 पर्यंत सगळे बसत होते. 2022 लागले आणि इंजिन कोसळले. तपासल्याशिवाय मेल पुढे सोडायची नाही असा नियम असल्याने मेल जागच्या जागी राहिली. लोकांनी तपासणीच बंद करून मेल सोडवली. मायक्रोसॉफ्टने मग जी दुरुस्ती दिली तिच्यात इंजिनाचा क्रमांक होता 2112330001. तारीख म्हणून वाचला तर 33 डिसेंबर 2021!

या सगळ्या प्रकरणात व्हायरस कुठेच नव्हता. मेल अडवली ती राखणदाराने. मेल सर्व्हरवर फिल्टर असावा आणि अँटिव्हायरसही असावा, याबद्दल आता कुणी वाद घालत नाही. वाद आहे तो दोघांनी एकत्र कसे राहावे याचा, आणि तो गेली पंचवीस वर्षे चालू आहे. माझे मत आधीच सांगून टाकलेले बरे. मेलच्या कामासाठी ठेवलेला अँटिव्हायरस फिल्टरच्या हाताखालचा असावा. बोलावले की यावे, फाइल पाहावी, निकाल सांगावा. पुढे काय करायचे ते फिल्टर ठरवील. तो स्वतःच्या मर्जीने डिस्कभर फिरून संशय येईल ती फाइल उचलू लागला की गोंधळ ठरलेला. दुसरी गोष्ट, अशी नीट नेमणूक केली तरी मोठी मदार त्याच्यावर ठेवू नये. आज मेलमधून येणाऱ्या धोक्यांपैकी बरेच त्याला दिसण्यासारखे नसतातच.

मेल तपासायची वेळ का आली

व्हायरस फ्लॉपीतून फिरत होते तोवर राखण पीसीची होती. पुण्यात काटकर बंधूंच्या संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून नव्वदच्या दशकात निघालेला क्विक हील हा अँटिव्हायरस याच काळाचे अपत्य. मार्च 1999 मध्ये मेलिसा आला आणि चित्र पालटले. वर्डच्या फाइलमधला हा मॅक्रो आउटलुकच्या यादीतले पहिले 50 पत्ते उचलून स्वतःची प्रत सगळ्यांना धाडत असे. पुढच्या वर्षी, 4 मे 2000 रोजी, मनिलाहून आयलव्हयू निघाला. त्याच्या फाइलच्या नावाला शेवटी दोन शेपट्या होत्या, आधी टीएक्सटी आणि मग व्हीबीएस. विंडोज शेवटची शेपटी लपवून दाखवत असल्याने लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्यासाठी कायदा नसल्याने संशयितावरचा खटला उभा राहू शकला नाही.

या दोघांनी एक गोष्ट शिकवली: पीसीवर पकडेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण मधल्या काळात मेल सर्व्हर त्या प्रतींनीच गुदमरतो. तेव्हा दारातच बघा. त्यासाठीची साधनेही याच सुमारास तयार झाली. अमाविस हा मुळात एक शेल स्क्रिप्ट. त्याचे पुढचे रूप ल्युब्लियानाच्या योझेफ स्टेफान संस्थेतल्या मार्क मार्टिनेक यांनी घडवले. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या ज्युलियन फील्ड यांनी मेलस्कॅनर लिहिला. जस्टिन मेसन यांचा स्पॅमॲसॅसिन 2001 चा, तर पोलंडच्या टोमाश कोइम यांचा क्लॅमएव्ही 2002 चा. क्लॅमएव्ही पुढे सोर्सफायरकडे आणि 2013 पासून सिस्कोकडे गेला, पण फुकट आणि खुला राहिला. आज लिनक्सवर मेल सर्व्हर उभा करणारा बहुतेक जण पोस्टफिक्स, त्याच्या मागे अमाविस किंवा आरस्पॅमडी, आणि त्यांच्या मागे क्लॅमएव्ही अशी साखळी लावतो. झिंब्रा घेतले तर यातले बरेचसे एकाच पेटीत बांधून मिळते.

एक मेल कुठून कुठे जाते

ही साखळी एकदा जवळून पाहिली की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात. बाहेरून मेल येते, पोस्टफिक्स ती 25 नंबरच्या पोर्टवर घेतो आणि रांगेत ठेवतो. रांगेतून ती त्याच मशीनवर 10024 या पोर्टवर बसलेल्या अमाविसला दिली जाते. अमाविस एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये तिचे तुकडे करतो: मजकूर वेगळा, प्रत्येक ॲटॅचमेंट वेगळी, झिप असेल तर तिच्या आतल्या फाइली, त्या फाइलींत आणखी झिप असेल तर तिच्याही. मग तो क्लॅमडीला, म्हणजे क्लॅमएव्हीच्या सतत चालू असणाऱ्या प्रोसेसला, त्या फोल्डरचा पत्ता देतो आणि विचारतो, यात काही आहे का? उत्तर 'नाही' आले तर स्पॅमॲसॅसिनचे गुण मोजले जातात आणि मेल 10025 या पोर्टवर पोस्टफिक्सला परत दिली जाते. तिथे फिल्टर लावलेला नसतो, नाहीतर ती जन्मभर फिरत राहील.

यातली एक खुबी ध्यानात घेण्याजोगी आहे. 10025 वर मेल पोचल्याची पावती मिळेपर्यंत अमाविस 10024 वर 'मिळाली' असे म्हणत नाही. म्हणजे मेल कधीच त्याच्या एकट्याच्या ताब्यात नसते. तो मध्येच मेला तरी मूळ प्रत पोस्टफिक्सच्या रांगेत शाबूत राहते आणि पुन्हा प्रयत्न होतो. फिल्टर निवडताना लोक किती टक्के स्पॅम पकडला जातो ते विचारतात. मी असतो तर आधी हे विचारले असते की तुमचा फिल्टर मध्येच बंद पडला तर त्या क्षणी मेल कोणाच्या हातात असते.

या पद्धतीत तोटाही आहे. पोस्टफिक्सने मेल घेऊन टाकलेली असते, म्हणजे पाठवणाऱ्याला 'पोचली' असे कळवून झालेले असते. मागून व्हायरस सापडला तर करायचे काय? सुरुवातीच्या वर्षांत बरेच फिल्टर पाठवणाऱ्याला सभ्यपणे कळवत: तुमच्या मेलमध्ये व्हायरस आहे. पण क्लेझ, 2003 चा सोबिग, 2004 चा मायडूम हे सगळे व्हायरस पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालत. त्यामुळे ही पत्रे भलत्याच माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडू लागली. व्हायरसच्या प्रतींपेक्षा त्याबद्दलच्या इशाऱ्यांनी हैराण झालेले लोक त्या काळात पुष्कळ होते. अँटिव्हायरस कंपन्यांनी त्या पत्राच्या तळाशी आपली जाहिरातही टाकलेली असे, ते वेगळेच. तेव्हापासून शहाणा रिवाज असा की व्हायरस सापडलेली मेल गुपचूप टाकून द्यावी किंवा क्वारंटाइनमध्ये ठेवावी, पाठवणाऱ्याला काही कळवू नये.

दुसरा मार्ग म्हणजे मेल घेण्याआधीच, संभाषण चालू असताना तपासणे. सेंडमेलने त्यासाठी मिल्टर आणला, पोस्टफिक्सने 2006 मध्ये 2.3 या आवृत्तीपासून तो स्वीकारला, आणि एक्झिममध्ये 2005 पासून ही सोय अंगभूत आहे. मेल वाईट निघाली तर तिथल्या तिथे नकार द्यायचा. आपल्याकडून भलत्याला पत्र जात नाही, आणि चुकून चांगली मेल अडली तर खऱ्या पाठवणाऱ्याला कळते. अडचण वेळेची. समोरचा सर्व्हर फोन धरून बसलेला असतो. प्रमाणानुसार त्याने शेवटच्या टिंबानंतर दहा मिनिटे थांबावे अशी अपेक्षा आहे, पण सगळे तितका वेळ थांबत नाहीत. तुमचे स्कॅनिंग चालू असताना त्याने फोन ठेवला आणि इकडे मेल स्वीकारली गेली, तर तो थोड्या वेळाने तीच मेल पुन्हा पाठवतो. एकच मेल तीन-तीनदा आल्याची तक्रार ऐकू आली की स्कॅनर किती वेळ घेतो ते आधी पाहावे. आता नवीन उभारणी करायची असेल तर मी हाच दुसरा मार्ग धरीन. गर्दी फार आणि मशीन लहान असेल तरच पहिला.

दुसरा पहारेकरी आणि त्याची लुडबुड

इथवरचा अँटिव्हायरस फिल्टरने बोलावलेला होता. खरी भांडणे होतात ती दुसऱ्या प्रकाराने, म्हणजे मशीन राखण्यासाठी बसवलेल्या, डिस्कवर कोणतीही फाइल लिहिली-वाचली जाताच झडप घालणाऱ्या रिअल-टाइम अँटिव्हायरसने. कंपनीच्या धोरणात 'प्रत्येक सर्व्हरवर अँटिव्हायरस हवा' असे एक वाक्य असते. ऑडिटर येतो, मेलच्या मशीनवर तो दिसत नाही म्हणून शेरा मारतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी सगळ्या पीसींवर असलेलेच पॅकेज तिथेही चढवतो.

मग काय होते? फिल्टर ॲटॅचमेंट सोडवून तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्याने तपासणी सुरू करायच्या आत रिअल-टाइम स्कॅनर ती फाइल उचलून नेतो. फिल्टरला ती फाइल सापडत नाही. तो बिचारा 'तपासणी फसली' असे नोंदवतो, मेल रांगेत परत टाकतो, थोड्या वेळाने पुन्हा सोडवतो, पुन्हा फाइल गायब. व्हायरस पकडला गेला आहे, पण मेल मात्र अडकून पडली आहे आणि लॉग भलतेच सांगतो आहे. रांगेतल्याच फाइलीला हात लागला तर आणखी वाईट. पोस्टफिक्स आपल्या रांगेतल्या फाइलीचे नाव तिच्या आयनोड क्रमांकाशी जोडून ठेवतो. बाहेरच्या कुणी ती 'साफ' करून नव्याने लिहिली की नाव आणि क्रमांक जुळत नाहीत. एक्स्चेंजची तर अख्खी रांग एका डेटाबेस फाइलीत असते. त्यातल्या एका मेलसाठी स्कॅनरने फाइलच ताब्यात घेतली तर रांगेतली सगळी मेल एकदम गेली.

हे धडे जुने आहेत. एक्स्चेंज 2000 मध्ये सगळ्या मेलबॉक्सा एम नावाच्या ड्राइव्हखाली फोल्डरसारख्या दिसत. साहजिकच साध्या अँटिव्हायरसने तो ड्राइव्हही झाडायला घेतला आणि कॅलेंडरच्या नोंदी बिघडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. एम ड्राइव्हला हात लावू नका, असे मायक्रोसॉफ्टला वारंवार सांगावे लागले. 2003 च्या आवृत्तीत तो लपवलाच. घरगुती पातळीवर हीच गोष्ट थंडरबर्ड वापरणाऱ्यांना ठाऊक असेल. त्यात नेहमीच्या मांडणीनुसार अख्खा इनबॉक्स एका फाइलीत असतो. आतल्या एका मेलमध्ये व्हायरस दिसला म्हणून अँटिव्हायरसने 'फाइल' क्वारंटाइन केली की सगळा इनबॉक्स रिकामा.

यावरचा ठरलेला उपाय म्हणजे अपवादांची यादी: रांगेचे फोल्डर, सोडवण्याचे फोल्डर, मेलबॉक्सांचे फोल्डर आणि फिल्टरच्या प्रोसेस यांना रिअल-टाइम स्कॅनरने हात लावायचा नाही. मेलमार्शल हा विंडोजवरचा जुना फिल्टर याबाबत इतका पोळलेला, की तो ज्या फोल्डरांना अपवाद द्यायला हवा त्यांत स्वतःच आयकारची चाचणी फाइल लिहून बघतो. आयकार म्हणजे 68 अक्षरांची निरुपद्रवी ओळ. सगळे अँटिव्हायरस ती व्हायरस मानायचे असे आपसांत ठरलेले आहे. ती फाइल कुणी उचलली किंवा तिला हात लावू दिला नाही, तर मेलमार्शल ओळखतो की इथे दुसरा कुणीतरी लुडबुड करतो आहे, आणि ॲडमिनला कळवतो. इतकी साधी आणि इतकी उपयोगी तपासणी बाकीच्यांनी का उचलली नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

पण अपवाद देणे म्हणजे खिडकी उघडी ठेवणेही आहे, आणि ही बाजू बरीच वर्षे दुर्लक्षित राहिली. मार्च 2021 मध्ये एक्स्चेंजमधल्या भेगांतून हजारो सर्व्हरवर वेब शेल पेरले गेले, म्हणजे बाहेरून हुकूम घेणाऱ्या छोट्या फाइली. यातून शहाणे होऊन मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी 2023 मध्ये आपलीच जुनी यादी कापली. आयआयएसची काही फोल्डरे, पॉवरशेल आणि वेब सर्व्हरची मुख्य प्रोसेस यांना दिलेले अपवाद काढून टाका, असे सांगितले. कारण सरळ होते: हल्लेखोर नेमके तिथेच घर करत होते. तेव्हा कुठल्या तरी जुन्या कागदावरून अपवादांची यादी जशीच्या तशी चिकटवू नये. मेल जिथे बसते तेवढीच फोल्डरे वगळावीत. बाकीच्या मशीनवर, विशेषतः वेबमेलच्या फोल्डरांवर, रिअल-टाइम राखण चालूच ठेवावी.

राखणदारालाच फसवले तर

कोणाही अनोळखी माणसाने पाठवलेली कोणतीही फाइल आपणहून उघडायची, हे स्कॅनरचे काम. तेही डझनावारी प्रकारांच्या फाइली, काही वेळा चाळीस वर्षांपूर्वीच्या पद्धतीने बांधलेल्या. हल्लेखोराला याहून सोयीचे काय असणार!

सगळ्यात जुनी खोडी झिप बॉम्बची. 42 किलोबाइटची एक प्रसिद्ध झिप आहे. थरावर थर उलगडत गेले तर तिचे साडेचार पेटाबाइट होतात. म्हणून स्कॅनरला किती थर, किती फाइली, किती आकार अशा मर्यादा घालाव्या लागतात. आणि मर्यादा घातली की तीच वाट होते. क्लॅमएव्ही मर्यादेबाहेरची फाइल मुळात 'स्वच्छ' म्हणून सोडतो. त्याबद्दल ओरडावे असे हवे असेल तर सेटिंग मुद्दाम बदलावे लागते. मार्च 2023 मध्ये इमोटेट हा मालवेअर पसरवणाऱ्यांनी हेच ओळखून वर्डच्या फाइली शून्यांनी फुगवून 500 मेगाबाइटच्या पुढे नेल्या. शून्ये असल्याने झिपमध्ये त्या चिमूटभर होत.

दुसरी गोष्ट याहून गंभीर, स्कॅनरमधलीच भेग. 2016 मध्ये गुगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी सिमँटेकच्या इंजिनात अशी चूक दाखवली की मेल नुसती पोचली, कुणी उघडलीही नाही, तरी मशीन ताब्यात जाऊ शकत होते. विंडोजवर ती फाइल थेट कर्नलमध्ये सोडवली जात होती. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या इंजिनात तशीच भेग निघाली. क्लॅमएव्हीलाही फेब्रुवारी 2023 मध्ये ॲपलच्या जुन्या डिस्क-रचनेच्या फाइली वाचणाऱ्या भागातली चूक घाईने बुजवावी लागली.

झिंब्राचे 2022 चे प्रकरण तर शिकण्यासारखे आहे. अमाविस काही प्रकारच्या गाठोड्यांसाठी पॅक्स नावाचा जुना प्रोग्राम वापरतो. तो नसला तर सीपीआयओकडे वळतो. सीपीआयओमधली एक चूक 2015 पासून माहीत होती: गाठोड्यातली फाइल ठरलेल्या फोल्डरबाहेर जाऊन पडू शकते. ज्या मशीनवर पॅक्स नव्हता तिथे हल्लेखोराने फक्त एक मेल पाठवायची. अमाविस ती तपासण्यासाठी सोडवी आणि सोडवता सोडवता वेब शेल झिंब्राच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये नेऊन ठेवी. तात्पुरता उपाय एका ओळीचा होता, पॅक्स बसवा आणि सेवा पुन्हा सुरू करा.

बाराकुडाच्या मेल गेटवेवर 2023 मध्ये हेच आणखी मोठ्या प्रमाणावर घडले. टार फाइलीतल्या फाइलींची नावे तपासणीच्या वेळी नीट चाळली जात नव्हती, त्यामुळे नावातच हुकूम दडवता येत होता. ऑक्टोबर 2022 पासून त्याचा गैरवापर चालू होता. मे 2023 मध्ये दुरुस्ती आली. पण जूनमध्ये कंपनीने ज्यांच्या पेट्यांत शिरकाव झाला होता त्यांना सांगितले की दुरुस्ती केली असली तरी पेटीच बदलून घ्या. सुरक्षेसाठी घेतलेले यंत्र भंगारात काढायची वेळ क्वचितच येते.

म्हणून तपासणीचे मशीन आणि मेलबॉक्सांचे मशीन शक्य असेल तर वेगळे असावे. एका मशीनवर भागवायचे असेल तर निदान क्लॅमडी आणि अमाविस यांना वेगळे, किमान हक्कांचे यूजर द्यावेत, कंटेनरमध्ये कोंडावे, आणि बाहेर इंटरनेटवर जायची वाट फक्त अपडेटपुरती ठेवावी.

मेमरी, अपडेट आणि रात्रीचे फोन

लहान कार्यालयांत बहुतेक रडगाणी मेमरीची असतात. क्लॅमडी सगळी सिग्नेचर मेमरीत धरून बसतो. त्याला एक जीबीच्या वर लागते. 2020 पासूनच्या आवृत्त्या नवी सिग्नेचर घेताना जुनी टाकून देत नाहीत, दोन्ही काही काळ शेजारी ठेवतात, म्हणजे काम थांबत नाही. पण तेवढ्या वेळापुरती मेमरी दुप्पट लागते. दोन जीबीचे स्वस्त व्हीपीएस घेतले असेल तर नेमके अपडेटच्या वेळी कर्नल क्लॅमडीला मारतो. अमाविसला क्लॅमडी सापडत नाही. तो राखीव खेळाडू म्हणून क्लॅमएव्हीच्याच क्लॅमस्कॅन या प्रोग्रामला बोलावतो. हा मात्र प्रत्येक मेलसाठी सगळी सिग्नेचर नव्याने मेमरीत चढवतो. अमाविसच्या दोन प्रोसेस, म्हणून दोन क्लॅमस्कॅन, प्रत्येकी जीबीभर. मशीन स्वॅपमध्ये जाते आणि लॉगिन करायलाही पाच मिनिटे लागतात. यावर उपाय म्हणजे चार जीबीचे मशीन, किंवा एकाच वेळी दोन संच ठेवायची सोय बंद करणे, आणि काही झाले तरी तो राखीव खेळाडू यादीतून काढणे. क्लॅमडी नसला तर मेल थोडा वेळ थांबू द्यावी. रांगेतल्या मेलसाठी सर्व्हर चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतात. तासाभराचा खोळंबा मेलच्या दुनियेत काहीच नाही.

'स्कॅनर बंद असेल तर मेल सोडायची की थांबवायची' हा प्रश्न मात्र मालकाला आधी विचारून ठेवावा. मालक 'थांबली तरी चालेल' म्हणतो. पहिल्यांदा थांबते तेव्हा त्याचा फोन येतो. 15 एप्रिल 2010 रोजी क्लॅमएव्हीच्या चालकांनी 0.94 आणि त्याआधीच्या आवृत्त्या जाणूनबुजून बंद पाडल्या. तशी सूचना सहा महिने आधी दिलेली होती. ज्यांनी ती वाचली नव्हती त्यांच्या सर्व्हरवरची मेल त्या दिवशी थांबली आणि चालकांच्या नावाने बराच शिमगा झाला. चालकांचे म्हणणे चूक नव्हते, जुन्या आवृत्तीची राखण राखण नसतेच. पण मेल थांबलेल्या माणसाला हे पटवणे अवघड.

अँटिव्हायरसला काय दिसत नाही

2004 मध्ये बॅगल या व्हायरसने आपल्या झिपला पासवर्ड लावला आणि तो मेलमध्येच लिहून दिला. स्कॅनर मजकुरातून पासवर्ड उचलू लागले तर त्याने पासवर्डचे चित्र चिकटवले. ही युक्ती वीस वर्षांनीही चालते. मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद केले, तर हल्लेखोर आयएसओ आणि शॉर्टकट फाइलींकडे वळले, 2023 च्या सुरुवातीला वननोटकडे. दर वेळी सिग्नेचर यायला काही तास जातात आणि मेल तर मिनिटांत पोचते.

इथे फाइलीच्या प्रकारावर घातलेली बंदी सिग्नेचरपेक्षा जास्त काम करते, असे माझे ठाम मत आहे. ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ यांतले काही सहकारी पतपेढीच्या मॅनेजरला मेलवर यायचे कारणच काय? जीमेलने जेएस फाइली फेब्रुवारी 2017 पासून बंद केल्या आणि कुणाचे काही अडले नाही. प्रकार ठरवताना नावावर विसंबू नये, आतली रचना पाहावी. झिपच्या आतही पाहावे. पासवर्ड लावलेली झिप सरसकट नाकारू नये, क्वारंटाइनमध्ये ठेवून माणसाने सोडावी, कारण आपल्याकडे कित्येक सीए आणि बँका अजूनही स्टेटमेंटे तशीच पाठवतात.

आणि ज्या मेलमध्ये ॲटॅचमेंटच नाही तिथे अँटिव्हायरस हतबल असतो. 'आमचे बँक खाते बदलले आहे, या महिन्याचे पेमेंट नव्या खात्यात करा' एवढीच दोन ओळींची मेल, पुरवठादाराच्या नावाशी एका अक्षराने फरक असलेल्या पत्त्यावरून. पुरवठादाराचा पत्ता हुबेहूब खोटा घातला असता तर एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी या पडताळण्या कामी आल्या असत्या, पण अशा सारख्या दिसणाऱ्या पत्त्यापुढे अकाउंट्समधल्या माणसाने जुन्या नंबरवर लावलेला फोनच उपयोगी. म्हणूनच साखळीत स्वस्त तपासण्या आधी ठेवाव्यात: आयपी कोणाचा, पत्ता खरा का, फाइल कोणत्या प्रकारची. बरीचशी घाण तिथेच गळते आणि महागडा स्कॅनर उरलेल्यासाठी मोकळा राहतो.

संशयित ॲटॅचमेंट व्हायरसटोटलवर चढवून बघायची सवय मात्र सोडावी. तिथे टाकलेली फाइल संशोधक आणि पैसे भरणारे ग्राहक उतरवून घेऊ शकतात. एखाद्याचे पगारपत्रक किंवा करारनामा असा चव्हाट्यावर जातो. फाइलीचा हॅश टाकून शोधले तरी बहुतेक वेळा काम भागते.

लॉगची गोष्टही इथेच सांगायला हवी. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. फिल्टर, स्कॅनर आणि मेल सर्व्हर यांचे लॉग तीन ठिकाणी, तीन घड्याळांवर असतील तर एका मेलचा माग काढायलाच सहा तास जातील. घड्याळे एनटीपीने जुळवावीत आणि क्यू आयडी तिन्हीकडे नोंदला जाईल असे पाहावे.

सगळे बसवून झाल्यावर चाचणी आयकारची. एकदा साधी, एकदा झिपमध्ये, एकदा झिपमधल्या झिपमध्ये, एकदा पासवर्ड लावून, अशा मेल बाहेरच्या खात्यावरून पाठवाव्यात आणि कोणती कोणी पकडली ते लॉगमध्ये पाहावे. फिल्टरच्या आधी रिअल-टाइम स्कॅनरने पकडली असेल तर अपवादांची यादी अपुरी आहे. त्यानंतर क्लॅमडी मुद्दाम बंद करून एक स्वच्छ मेल पाठवावी. ती रांगेत थांबून, क्लॅमडी पुन्हा सुरू केल्यावर आपोआप पोचली तर मांडणी ठीक. स्कॅनर बंद असतानाच थेट इनबॉक्सात येऊन पडली, तर तुमचा फिल्टर स्कॅनर नसला तरी मेल सोडतो आहे, आणि तो असे किती दिवसांपासून करतो आहे ते जुन्या लॉगमध्ये शोधायला बसावे लागेल.